घर कोणी सोडायचे?

सणासुदीचे दिवस जवळ आले, की जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत हद्दपारीचे प्रस्ताव निघू लागतात. या आठवड्यातही ‘सराईत दोन वर्षांसाठी हद्दपार’ हे मथळे वाचायला मिळाले. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ ने हा अधिकार दिला आहे. टोळी असेल तर पोलीस अधीक्षक आणि एकटादुकटा असेल तर प्रांताधिकारी त्याला जिल्ह्याबाहेर काढू शकतात. साक्षीदार उघडपणे बोलायला घाबरत असतील, तर त्यांचे गोपनीय जबाबही चालतात. दहशत माजवणाऱ्याने जागा सोडावी, लोकांनी नव्हे, हे तत्त्व सरकारला पूर्ण मान्य आहे. मग ही दहशत चार भिंतींच्या आत असली, की तेच तत्त्व कुठे जाते?

कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्याच्या कलम १९ नुसार न्यायदंडाधिकारी मारहाण करणाऱ्याला राहत्या घरातून बाहेर पडण्याचा आदेश देऊ शकतात आणि कलम २३ नुसार तो आदेश तातडीने, एकतर्फीही निघू शकतो. पहिली सुनावणी साधारणपणे तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत, अशी कायद्याची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात घर सोडते ती बाईच. रात्री मार खाल्लेली बाई सकाळी कडेवर लेकरू घेऊन पारोळ्याच्या, नाहीतर शिरपूरच्या एसटी स्टँडवर उभी असते. हातात एक पिशवी असते. रेशनकार्ड, मोठ्या पोराची शाळा, बचत गटाचे खाते, रोजच्या मजुरीची ओळख, सगळे सासरच्या गावी राहिलेले असते. गुंडाला हद्दपार करण्याआधी नोटीस मिळते, त्याचे म्हणणे ऐकले जाते, त्याला अपील करता येते आणि दोन वर्षांनी परत येता येते. या बाईच्या हद्दपारीला नोटीस नाही, सुनावणी नाही, अपील नाही आणि मुदतही नाही.

आणखी एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. जळगावचा गुंड धुळ्याला पाठवला, तरी खंडणी मागायला त्याला तिथेही दुकाने सापडतात. एका जिल्ह्याचा त्रास दुसऱ्या जिल्ह्याच्या गळ्यात पडतो. शिक्षा भोगलेल्या परदेशी गुन्हेगाराला मायदेशी धाडणाऱ्या देशांचेही तेच होते. बायकोला मारणाऱ्याचे तसे नसते. त्याच्या हाती लागणारे माणूस ठरलेले असते आणि ते एकाच घरात राहते. त्यामुळे अंतराचा खरा उपयोग इथेच आहे. ऑस्ट्रियाने १९९७ मध्ये पोलिसांनाच अशा माणसाला जागच्या जागी घराबाहेर काढण्याचा अधिकार दिला. आपल्याकडे मात्र आधी समुपदेशन. या स्तंभात अनेकदा लिहिले आहे, तरी पुन्हा लिहितो: मारणारा आणि मार खाणारी यांना एकाच बाकावर बसवून तडजोड घडवणे म्हणजे न्याय नव्हे.

घर नवऱ्याच्या, नाहीतर सासऱ्याच्या नावावर आहे, त्याला बाहेर कसे काढणार, असे विचारले जाईल. कौटुंबिक हिंसाचार कायद्याचे कलम १७ मालकी पाहत नाही, आणि सासऱ्याच्या मालकीचे घरही ‘सामायिक घर’ ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या सतीश आहुजा खटल्यात सांगितले आहे. खोट्या तक्रारींची भीतीही दाखवली जाते. गैरवापर हद्दपारीचाही होतो. जालन्यातला असा एक आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये रद्द केला. म्हणून कोणी पोलीस अधिनियम गुंडाळून ठेवला नाही. शिवाय घरातून काढण्याचा आदेश न्यायालय देते आणि त्यावर सत्र न्यायालयात अपील आहे. कमावता बाहेर गेला तर चूल कशी पेटेल, हा प्रश्न खरा आहे. पण कौटुंबिक हिंसाचाराच्या त्याच कायद्याचे कलम २० पोटगीसाठी आहे. आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

तेव्हा कायदा नवा नको, आहे तो वापरा. संरक्षण अधिकाऱ्यांनी प्रत्येक अर्जात घराबाहेर काढण्याची मागणी बाईला समजावून सांगावी आणि तिची तयारी असेल तर ती नोंदवावी. दोन्ही जिल्ह्यांच्या पोलीस अधीक्षकांनी वर्षाअखेरीस हद्दपारांच्या आकड्याशेजारी आणखी एक आकडा जाहीर करावा: किती मारकुट्या नवऱ्यांना न्यायालयाच्या आदेशाने घराबाहेर काढले आणि किती बायका आपल्या घरात परत नेऊन बसवल्या.