मोकळी जागा

मोखाड्याकडे जागा बघायला आलेला ठाण्या-नाशिकचा माणूस दलालाला आधी पाण्याचं विचारतो, मग रस्त्याचं, आणि शेवटी हळूच, "जागा मोकळी आहे ना?" तेवढ्यात त्याला बांधाच्या कडेची चार कुडाची घरं दिसतात. कारवीच्या काठ्यांवर शेणमातीचं लिंपण, छपरावर फाटकी ताडपत्री, दाराला कुलूप नाही, नुसती काट्यांची फांदी आडवी लावलेली. "ती होय? कातकऱ्यांची. उठतील." या 'उठतील'वर आपण इसार देऊन मोकळे होतो.

दिवाळी झाली की ही माणसं उचल घेऊन भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडाशी परततात. तेवढे महिने घर ओस दिसतं आणि जागेचे सौदेही याच दिवसांत जमतात. परत आल्यावर भिंत जागेवर नसली तर तक्रार कुठे करायची? सातबाऱ्यावर त्यांचं नाव नाही, घरपट्टीची पावती नाही, आणि आजा मालकाच्या शेतावर राबत होता याचा कागद तर कुणी कधी केलाच नाही.

1948चा कूळकायदा म्हटला की आपल्याला 'कसेल त्याची जमीन' आणि 1 एप्रिल 1957चा कृषकदिन आठवतो. त्याच कायद्यात घरासाठीही कलमं आहेत, ती सहसा कुणी वाचत नाही. कुळाने किंवा त्याच्या वाडवडिलांनी पदरच्या खर्चाने मालकाच्या जागेवर घर बांधलं असेल, तर मालकाला वाटलं म्हणून त्याला तिथून काढता येत नाही, असं कलम 16 सांगतं. मालक ती जागा विकायला निघाला तर आधी घरवाल्याला विचारायचं, हे कलम 17. आणि कलम 18 हे संरक्षण शेतमजुरांना व कारागिरांनाही देतं. म्हणजे माणूस कूळ नसला, नुसता मजूर असला, तरी त्याचं घर कायद्याने धरलेलं आहे.

तरी घरं उठतात, कारण वाद कचेरीपर्यंत जाऊच दिला जात नाही. गावात बैठक बसते. मालक आणि दलाल खुर्चीवर, दोन-चार प्रतिष्ठित शेजारी, कातकरी पायरीशी उकिडवा. याला आपण कौतुकाने 'सामोपचार' म्हणतो. कागद आधीच लिहून आणलेला असतो: 'मी स्वखुशीने जागा सोडत आहे.' खाली अंगठा. या स्वखुशीवर कायद्याचा मात्र विश्वास नाही. कुळाने जमीन सोडायची तर लेखी सोडावी आणि मामलेदाराने ते खरं आहे का याची खातरजमा करावी, असं कलम 15 म्हणतं. खुर्चीवरच्या माणसासमोर उकिडव्याने दिलेला होकार तपासून घ्यावा लागतो, एवढी अक्कल 1948 साली कायदा करणाऱ्यांना होती.

1945 साली तलासरी-डहाणूच्या वारली आदिवासींनी किसान सभेच्या गोदावरी परुळेकरांच्या सोबतीने वेठ आणि लग्नाच्या कर्जापायी राबवून घेणारी लग्नगडी प्रथा मोडली. त्या उठावाचा अभिमान आपण आज पुस्तकांतून मिरवतो आणि शेजारच्या तालुक्यात फार्महाऊससाठी 'मोकळी' जागा शोधतो. गिरगावातला आपलाच एखादा नातलग पागडीच्या दोन खोल्यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या मालकाशी भांडतो, तेव्हा तो हक्क असतो. कातकरी कुडाच्या एका खोलीला चिकटून राहिला की तो अडथळा ठरतो. हा दुटप्पीपणा मालकाचा किंवा दलालाचा नव्हे, गिऱ्हाईकाचा, म्हणजे तुमचा-माझा आहे. मागणी आपली नसती तर त्या घरांना हात कोण लावतं?

तडजोड करूच नये, असं माझं म्हणणं नाही. पण त्या बैठकीत कातकऱ्याच्या बाजूने बोलणारा कुणी तरी हवा. 1987च्या विधी सेवा कायद्याने त्याच्यासारख्या आदिवासीला, त्याचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. बैठकीला बसणाऱ्या शहाण्यांपैकी एकाने तरी त्याला तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे घेऊन जावं.

आणि तुम्हाला मोखाडा-जव्हारकडे जागा बघायचीच असेल तर भर पावसात या. तेव्हा त्या घरांत माणसं असतात.