निळ्या रेषेचे सोयरसुतक कोणाला?

चिखली येथे इंद्रायणीच्या काठी उभे राहिलेले 36 बंगले 17 मे 2025 रोजी पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेने पाडले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने जुलै 2024 मध्ये तसा आदेश दिला होता आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. त्यामुळे पालिकेपुढे दुसरा मार्ग उरला नव्हता. पूररेषेच्या आत बांधलेले घर पाडले गेले याबद्दल आम्ही अश्रू ढाळणार नाही. मात्र त्या ढिगाऱ्याकडे पाहून ‘कायद्याचा विजय झाला’ असा जो जयघोष काही दिवस चालला होता, त्यात सामील होणेही आम्हांस जमणारे नाही. घर पूर्ण उभे राहून त्यात माणसे नांदू लागल्यानंतर ज्याला जाग येते, त्या कायद्याचा विजय तो कसला?

निळी रेषा म्हणजे काय, हे ज्यांनी तेथे आयुष्याची पुंजी ओतली त्यांना कोणी समजावून सांगितले होते काय? सरासरीने पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जेथवर चढतो ती निळी रेषा. शंभर वर्षांतून एकदा येणारा जेथवर चढतो ती लाल. पंचवीस वर्षे हा शब्द मोठा फसवा आहे. तो ऐकला की पूर पुढच्या पिढीच्या वाट्याला येईल असे वाटते. वस्तुतः दरवर्षी शंभरात चार इतकी त्याची शक्यता असते. वीस वर्षांच्या मुदतीचे गृहकर्ज काढणाऱ्या माणसाने हा हिशेब मांडून पाहावा. हप्ते फिटण्यापूर्वी एकदा तरी पाणी त्या रेषेपर्यंत येण्याची शक्यता निम्म्याहून अधिक भरते. असा जुगार कोणता शहाणा संसारी गृहस्थ डोळे उघडे ठेवून खेळेल? पुण्यातील एकतानगरीच्या रहिवाशांनी 25 जुलै 2024 च्या पहाटे हे गणित घरात शिरलेल्या पाण्यावरून शिकून घेतले.

समुद्राची गोष्ट निराळी आहे. 1986 च्या पर्यावरण संरक्षण कायद्याच्या आधारे 1991 मध्ये किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना निघाली, आणि किनाऱ्यावर बांधकामासाठी आधी परवाना घ्यावा लागतो हे मुंबई-कोकणातील शेंबड्या पोरालाही ठाऊक झाले. त्या नियमांत पुढे सवलतींची भोके पडत गेली हे खरे. तरी चौकट राहिली. खाडीत भरतीचे पाणी जेथवर पोचते तेथवरच्या नदीलाही तिचे संरक्षण मिळते. इंद्रायणीचे दुर्दैव असे की ती तुळापुराजवळ भीमेला, भीमा कृष्णेला आणि कृष्णा आंध्रात जाऊन समुद्राला मिळते. तेव्हा देहू-आळंदीच्या या पाण्याला किनाऱ्याच्या कायद्याची सावली लाभायची तर त्याने आधी तीन राज्ये ओलांडावयास हवीत!

महाराष्ट्रात नदी नियमन क्षेत्राचे धोरण मुळी नव्हतेच असे नाही. 2000 मध्ये ते आले, 2009 मध्ये सुधारले गेले आणि फेब्रुवारी 2015 मध्ये शासनाने ते गुंडाळून ठेवले. ते प्रामुख्याने नदीकाठच्या उद्योगांसंबंधी होते, आणि उद्योगांना जाचक ठरते म्हणूनच ते गेले. पिंपरी, भोसरी, तळेगाव, चाकण या पट्ट्यात कारखानदारीने लाखो हातांना काम दिले, याचे मोल आम्ही जाणतो. परंतु त्या कामगाराला आणि कारकुनाला राहायला परवडेल अशी जागा कोणत्याही आराखड्याने दिली नाही. मग तो स्वस्त जमिनीच्या शोधात निघाला, आणि जमीन स्वस्त असते ती बहुधा नदीच्या बाजूला.

आता उरते काय? बांधकामाला पर्यावरण मंजुरी सक्तीची करणारी 2006 ची केंद्रीय अधिसूचना वीस हजार चौरस मीटरच्या पुढे लागू होते. गुंठ्यागुंठ्याने विकलेली जमीन त्या जाळ्यात सापडतच नाही. राहता राहिली पाटबंधारे खात्याची रेषा आणि नगररचनेचा नियम. ती रेषा नकाशावर आहे, जमिनीवर नाही. सातबारावर तिची नोंद नाही. दस्त नोंदवून मुद्रांक शुल्क घेणारा निबंधक तिची चौकशी करीत नाही. पालिकेची तऱ्हा तर याहून अजब. अनधिकृत बांधकामावर तिने वर्षानुवर्षे शास्तीकर आकारला, आणि 2023 मध्ये शासनाने तो माफ केला. कर लावणे म्हणजे मान्यता देणे नव्हे, हे वकिलाला पटेल. हातात पावती असलेल्या गृहस्थाला ते कसे पटावे?

पालिका स्वतःही काही या रेषेच्या धुतल्या तांदळासारख्या उपासक नाहीत. मुठेच्या पात्रात विठ्ठलवाडीपासून महामार्गापर्यंत पुणे महापालिकेने रस्त्यासाठी घातलेला भराव काढावा, असे हरित न्यायाधिकरणाला 2013 मध्ये सांगावे लागले होते. नदीकाठ सुशोभित करण्याच्या योजना आज दोन्ही शहरांत चालू आहेत. त्यांतील प्रत्येक भिंत आणि प्रत्येक भराव चिखलीच्या बंगल्यांना लावलेल्याच मापाने मोजला गेला आहे, अशी खात्री नागरिकांना कोणी दिली आहे काय?

घर पाडले की गुन्ह्याची फेड झाली, अशी समजूत करून घेणे सोयीचे असते. ज्याने भूखंड पाडले, ज्याने त्यांवर दस्त नोंदविले आणि ज्याच्या डोळ्यांदेखत राडारोड्याच्या गाड्या रात्री काठावर रित्या झाल्या, त्यांच्यापैकी कोणाच्या घराची वीट हलली? न्यायाधिकरणाने पाच कोटींच्या भरपाईचीही आज्ञा केली होती. ती रक्कम कोणाकडून किती वसूल झाली हे पालिकेने जाहीर करावे. आणि येत्या पावसाळ्यापूर्वी एवढे तरी करावे: तळवड्यापासून चऱ्होलीपर्यंत इंद्रायणीच्या आणि किवळ्यापासून सांगवीपर्यंत पवनेच्या काठाने निळ्या रेषेवर दगड रोवावेत, ती रेषा ज्या गटांतून जाते त्यांच्या सातबारावर महसूल खात्याकडून तिची नोंद करून घ्यावी, आणि काठावर एक गाडी माती टाकायची झाली तरी लेखी परवाना लागेल असे फर्मान काढावे. यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. चिखलीत पाडकामाला जेवढी यंत्रे आणि माणसे लागली, त्याच्या चौथाई बळात हे दगड रोवून होतील.