शंभर मिलिमीटरचा हिशेब

गेले कित्येक महिने एका प्रश्नाने माझी पाठ सोडलेली नाही. हातातली निकॉनची २००-५०० लेन्स काढून नवी १८०-६०० घ्यायची का? कोराडी तलावाच्या काठावर सकाळी भेटणारे कॅमेरेवाले म्हणतात, ‘घेऊनच टाका.’ घरी विषय काढला तर ‘जुनीला काय झालं?’ एवढाच प्रश्न येतो. त्याचं उत्तर मला कागद-पेन घेऊन शोधावं लागलं. पेंच, ताडोबा, उमरेड-कऱ्हांडला, बोर इतकी जंगलं जवळ असलेल्या आमच्या भागात या पेचात मी एकटाच नाही, म्हणून तो हिशेब इथे मांडतो.

जुनी लेन्स २०१५ साली बाजारात आली. ॲपर्चर सगळ्या पल्ल्यात ५.६ कायम, वजन कॉलरसकट २३०० ग्रॅम. माझ्याकडे ती डी५०० या बॉडीवर असते. नवी लेन्स २०२३ची, मिररलेसच्या झेड माउंटची. ती डी५००वर बसतच नाही, म्हणजे लेन्सपाठोपाठ बॉडीही आली. दोन्ही मिळून आकडा तीन-चार लाखांच्या घरात जातो.

आता तलावातलं एक हळदीकुंकू बदक घेऊ. लांबी साधारण साठ सेंटिमीटर, अंतर शंभर मीटर. ५०० मिलिमीटरवर त्याची प्रतिमा सेन्सरवर ३ मिलिमीटरची उमटते. डी५००चा सेन्सर लहान, २३.५ मिलिमीटर रुंदीत ५५६८ पिक्सेल, त्यामुळे बदकाच्या वाट्याला सुमारे ७१० पिक्सेल येतात. ६०० मिलिमीटरवर प्रतिमा ३.६ मिलिमीटरची होते खरी, पण झेड६-३सारख्या २४ मेगापिक्सेलच्या फुलफ्रेम बॉडीवर तिला जेमतेम ६०० पिक्सेल मिळतात. लेन्स लांबली आणि बदकाचा तपशील कमी झाला! ४५ मेगापिक्सेलची झेड८ घेतली तर आकडा सव्वाआठशेवर जातो, पण किंमतही तशीच चढते. दुकानात लेन्स हातात धरून पाहताना हे लक्षात येत नाही. तिथे फक्त ६०० हा आकडा दिसतो.

त्याच काठावर बेशरमाच्या झुडपाआड पोट टेकून पडून राहिलं की बदकं आपसूक जवळ येतात. हालचाल करायची नाही, उठायचं नाही, चोच पाण्यात बुडवत ती सरकत येतील तेवढी येऊ द्यायची. चाळीस मीटरवर आली की माझ्या जुन्या लेन्सवर तेच बदक पावणेअठराशे पिक्सेलचं होतं. चोचीचं पिवळं टोक, तिच्या मुळाशी दोन लाल ठिपके, पाठीवरच्या प्रत्येक पिसाची फिकट कड, सगळं मोजून घ्यावं इतकं स्वच्छ. शिवाय अंतर कमी झालं की मधली हवाही कमी होते. ऊन वर आल्यावर तापलेल्या काठावरून हवा थरथरायला लागते आणि शंभर मीटरवरचा पक्षी कोणत्याही काचेतून मऊच येतो. विदर्भाच्या मे महिन्यात तर सकाळी नऊनंतर लांबचा शॉट घेऊच नये, या मताचा मी आहे.

पण लोक मोठी लेन्स बदकासाठी घेत नाहीत, वाघासाठी घेतात. तिथला हिशेब आणखी स्पष्ट आहे. वन्यप्राण्यापासून किमान २० मीटर अंतर ठेवा, असं राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. २० मीटरवर माझ्या ५०० मिलिमीटरच्या चौकटीत फक्त ९४ सेंटिमीटर रुंदी मावते. वाघाचं तोंड आणि खांदा, बस. आडवा उभा असलेला अख्खा वाघ नीट बसवायचा तर त्याने साठ मीटरवर असायला हवं. म्हणजे जुनी लेन्ससुद्धा मला गाडी मागे घ्यायला सांगते आहे.

तरी सायटिंग झालं की जिप्सीत एकच गलका होतो, ‘भाऊ, थोडी समोर घे ना!’ ज्यांच्याकडे मोबाइल आहे ते म्हणतात, आणि ज्यांच्या मांडीवर बीनबॅगवर सहाशेची नळी आहे तेही म्हणतात. ३१ डिसेंबर २०२४ला उमरेड-कऱ्हांडलाच्या गोठणगाव भागात एफ-२ वाघीण आणि तिचे पाच बछडे रस्त्यावर असताना पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी त्यांची वाट अडवली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली. कारवाई झाली ती चालक-गाइडांवर. त्यांची चूक होतीच. पण मागच्या सीटवरून ‘समोर घे’ म्हणणारे आपण होतो आणि टिपही आपणच देतो, याचा मला फार त्रास होतो. मोठी लेन्स घेतली की प्राण्याला मोकळीक मिळेल, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होतो. जिप्सीत बसून जे पाहिलं, त्यावरून ते खरं वाटत नाही. ज्याला जवळ जायचंच आहे, तो आठशेची लेन्स घेऊनही जवळच जाईल.

नव्या लेन्सच्या बाजूने बोलायचं तर एक मुद्दा खास आमच्या गावचा आहे. माझी जुनी लेन्स झूम करताना लांब होते, आणि लांब होताना आत हवा ओढते. औष्णिक वीज केंद्राच्या शेजारी राहणाऱ्याला त्या हवेत काय असतं ते सांगायला नको. गच्चीवर सकाळी बोट फिरवलं की बोट करडं होतं. १८०-६००ची लांबी झूम करताना बदलत नाही, सगळी हालचाल आतल्या आत होते. राख आणि सफारीची लाल धूळ, दोन्हींपासून तिचा बचाव जास्त चांगला. दुसरा फायदा बॉडीचा: डोळा शोधून त्यावर टिकणारा फोकस आणि आवाज न करणारं शटर. डी५००चा सेकंदाला दहा फ्रेमचा खडखडाट ऐकून चितळ कान टवकारतात, आणि मग तुमच्या फोटोत चरणारं चितळ राहत नाही, सावध झालेलं चितळ येतं. ही मला खरी उणीव वाटते. वजनाचं म्हणाल तर कॉलरसकट नवी २१४० ग्रॅम. दीडशे ग्रॅमच्या फरकाने खांदा सुटत नाही.

तेव्हा या वर्षी लेन्स बदलत नाही. जुनी उघडून आतून साफ करून घेणार आहे, पावसाळ्यात बुरशी लागू नये म्हणून सिलिका जेल घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवणार आहे, आणि थंडीत तलावावर जरा जास्त वेळ पडून राहणार आहे. डी५००चं उत्पादन २०२२ सालीच थांबलं. तिचं शटर एक दिवस जाईल आणि दुरुस्तीत पैसे घालण्यात अर्थ उरणार नाही. त्या दिवशी बॉडी आणि १८०-६०० एकदमच घेईन, तोवर पैसे बँकेत राहू देत.