उन्हात न जाताही आजीला ऊन कसं लागतं?

'दुपारी बारा ते तीन घराबाहेर पडू नका.' एप्रिल लागला की हा मेसेज प्रत्येक फॅमिली ग्रुपवर फिरायला लागतो. मेडशीच्या आमच्या आजीला तो वाचून दाखवला, तर ती म्हणाली, "मी कुठी जातो बाहीर?"

मुद्दा तिचाच बरोबर आहे. अकोल्याहून वाशीमला जाताना पातूर सोडून घाट चढला की मालेगाव तालुक्यातलं मेडशी लागतं. इथे मे महिन्यात दुपारी रस्त्यावर म्हातारं माणूस दिसत नाहीच. ते घरात असतं, बऱ्याचदा टिनपत्र्यांखाली. आणि आपल्या सगळ्या सूचना बाहेर पडणाऱ्यांसाठी असतात.

शेजारच्या अकोल्याचंच बघा. मे २०२४ मध्ये तापमान ४५ अंशांच्या वर गेलं आणि जिल्हाधिकाऱ्यांनी चक्क कलम १४४ लावलं. कामगारांना पाणी आणि पंखे द्या, खासगी क्लासेसच्या वेळा बदला, असे आदेश निघाले. ते गरजेचेच होते. पण खाटेवर पडून असलेल्या सत्तरीच्या माणसाला त्यातलं काही लागू होत नव्हतं.

घरात नेमकं काय होतं?

हवामान खातं तापमान मोजतं ते सावलीत, हवा खेळती असलेल्या पांढऱ्या लाकडी पेटीत. बातमीत ४३ अंश आले म्हणजे आजीच्या खोलीत ४३ आहेत असं नाही. पत्रा दिवसभर तापतो आणि खालच्या खोलीत उष्णता सोडत राहतो. सिमेंटचा स्लॅब त्याहून चिवट, तो दिवसभर साठवलेली उष्णता रात्री बाहेर टाकतो. जुनी धाब्याची घरं जाड मातीमुळे थंड राहायची, पण ती पाडून आपण स्लॅब आणि पत्रे आणले. (मातीचं घर दरवर्षी लिंपायला माणूस कोण आणणार, हाही प्रश्न आहेच.)

म्हणून रात्र महत्त्वाची. दिवसा ४० किंवा त्याहून जास्त तापमान असताना रात्रीचं किमान तापमान सरासरीपेक्षा ४.५ अंशांहून वर राहिलं, तर हवामान खातं त्याला 'उष्ण रात्र' म्हणतं. दिवसभर तापलेलं शरीर रात्री निवतं. तेच झालं नाही, तर हृदयावरचा ताण दुसऱ्या दिवशी तसाच पुढे जातो.

त्यात वय झालं की तहान कमी लागते, घामही कमी येतो. बीपी किंवा हृदयासाठी दिलेल्या काही गोळ्या लघवीवाटे पाणी बाहेर काढतात. अशा गोळ्या मनाने बंद करू नका, उन्हाळ्याआधी डॉक्टरांना विचारा. किडनी किंवा हृदयाचा आजार असेल तर 'भरपूर पाणी प्या' हा सल्लाही सरसकट चालत नाही. मिठाच्या जलसंजीवनीचंही तसंच.

असा माणूस दोन-तीन दिवसांत हळूहळू खचतो. मृत्यू झाला तर लोक म्हणतात, वय झालं होतं. मे २०१० मध्ये अहमदाबादेत भीषण लाट आली होती. त्या महिन्यातल्या एकूण मृत्यूंची इतर वर्षांशी तुलना केली, तेव्हा संशोधकांना १,३४४ मृत्यू जास्तीचे आढळले. त्यानंतर २०१३ मध्ये तिथे उष्णतेसाठी कृती आराखडा आला.

मग करायचं काय?

सुरुवात छतापासून. पत्र्यावर किंवा स्लॅबवर पांढरा चुना मारला की ऊन परत फेकलं जातं. तेलंगणाने २०२३ मध्ये अशा थंड छतांसाठी राज्याचं धोरणच आणलं. आपल्याकडे हे काम मार्चमध्येच उरकायला हवं, मेमध्ये त्या पत्र्यावर पाय ठेवणार कोण?

पंख्याबद्दल मोठा गैरसमज आहे. खोली ४० अंशांच्या वर गेली की पंखा गरम हवाच अंगावर मारतो. त्याच पंख्याखाली अंगावर ओला पंचा ठेवला, हातपाय पुसत राहिलं, तर आपल्या कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडतं आणि अंग थंड होतं. कुलरचं तत्त्व हेच. पण कुलर खिडकीत हवा, आणि समोरची खिडकी किंवा दार थोडं उघडं हवं. बंद खोलीत तो नुसता दमटपणा वाढवतो. पाऊस सुरू झाल्यावर तो तितका चालत नाही तो याचमुळे. आणि पाणी भरताना प्लग काढलाच पाहिजे. कुलरचा शॉक लागून माणसं दगावल्याच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात येतात.

लाइट गेली तर? ओला पंचा आणि हातपंखा तरीही चालतो. शेजारी धाब्याचं किंवा झाडाखालचं घर असेल तर दुपारपुरतं म्हाताऱ्यांना तिकडे बसवा.

आता सगळ्यात अवघड भाग. मुलं पुण्याला, आईवडील गावी, ही वाशीममधल्या कितीतरी घरांची गोष्ट आहे. जुलै १९९५ मध्ये शिकागोत उष्णतेने ७००हून जास्त माणसं गेली, त्यात एकट्या राहणाऱ्या वृद्धांची संख्या मोठी होती. फोन सकाळी करतो आपण, पण घर जास्त तापतं ते दुपारनंतर. म्हणून चारला एक आणि रात्री झोपताना एक फोन करा. 'पाणी पिलं का?' असं विचारू नका, उत्तर 'हो'च येतं. लघवीला कितीदा गेलीस, पिवळी गडद होते का, उठताना चक्कर येते का, हे विचारा. लाज वाटत असेल तर आशाताईंना किंवा शेजारच्या काकूंना विचारायला सांगा.

आणि बोलणं ऐका. बोलताना शब्द अडखळत असतील, ती भलतंच काही बोलत असेल, किंवा अंग तापलेलं आणि कोरडं आहे असं शेजारी सांगत असतील, तर तो साधा थकवा समजू नका. लगेच १०८ लावा. गाडी येईपर्यंत थांबायचं नाही. जाड कपडे काढून अंगावर पाणी ओता, वारा घाला, मान, काख आणि जांघेत ओली फडकी ठेवा. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.