गाडी टकटक करते, पण सुरू होत नाही



अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर येणारा आपला माणूस पूर्वी रेल्वेने, एस.टी.ने किंवा ट्रकने येत असे. आता त्यांत जुन्या मारुती, व्हॅन, मालवाहू टेम्पो यांचीही भर पडली आहे. गाडी रात्रभर उभी असते. आत भीमगीते चालू, लेकरांसाठी दिवा चालू, मोबाईल चार्जिंगला. पहाटे गावी निघायचे म्हणून चावी फिरवावी, तर नुसते टक-टक-टक! मग धक्का मारणारे चार आणि सल्ला देणारे चौदा. त्या सल्ल्यांत सर्वांत महाग सल्ला एकच, "सेल्फ गेला."

सेल्फ खरेच जातो, नाही असे नाही. पण टकटक आवाज आला म्हणजे सेल्फच गेला, हे मात्र खोटे. चावी फिरवली की बॅटरीतून थोडा करंट सेल्फवर बसवलेल्या सोलेनॉइडला मिळतो. त्यातला लोखंडी दांडा ओढला जातो, सेल्फचे दातेरी चाक इंजिनच्या मोठ्या चाकाला भिडते आणि मोठ्या करंटचा रस्ता जोडला जातो. टक होते ती इथे. पुढे इंजिन फिरवायला लहान पेट्रोल गाडीलासुद्धा १०० अँपिअरच्या वर करंट लागतो. हेडलाईटच्या दोन दिव्यांना मिळून जेमतेम १० लागतात. म्हणून "दिवे तर लागतात, मग बॅटरी चांगलीच आहे" हा हिशेब चुकतो.

आता कान द्या. भराभर टकटक होत असेल तर बॅटरी उतरली आहे किंवा तिची जोडणी ढिली आहे. दांडा ओढला जातो, करंट कमी पडतो, दांडा सुटतो, पुन्हा ओढला जातो. एकच जड 'टक' होऊन सारे गप्प झाले तर सेल्फचे कार्बन झिजलेले किंवा आतले संपर्क जळालेले असण्याची शक्यता जास्त. खात्रीसाठी गाडी भिंतीसमोर असताना हेडलाईट लावा आणि कोणाला तरी चावी फिरवायला सांगा. उजेड एकदम मंदावला तर आधी बॅटरी आणि जोडणी पाहा. उजेड तसाच राहिला तर संशय सेल्फकडे न्या.

केसपुत्तच्या कालामांना तथागतांनी सांगितले होते की, परंपरेने आले म्हणून किंवा गुरू म्हणतो म्हणून काही मानू नका, स्वतः पारखून घ्या. गॅरेजवाला तर गुरूही नव्हे! आमच्या वस्तीतला एक भाऊ शाळेची मुले व्हॅनने पोचवतो. एका मिस्त्रीने त्याला सेल्फ आणि बॅटरी दोन्ही नवीन टाकायला सांगितले. वहिनी बचत गटातून कर्ज उचलायला निघाल्या होत्या. रविवारी वंदनेनंतर विहारासमोर वीजकाम करणाऱ्या एका तरुणाने बॉनेट उघडले, तर निगेटिव्हची वायर बॉडीला जिथे कसलेली असते तिथे गंज चढला होता. पॉलिश पेपरने घासून बोल्ट कसला आणि व्हॅन सुरू झाली. बुडणार होती ती मुलांची शाळा आणि घरातल्या पाच जणांचे पोट.

बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड दिसली तर गाडी बंद करून आधी निगेटिव्ह सोडवा, मग पॉझिटिव्ह. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून ब्रशने धुवा. पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. कोरडे करून घासा, पॉझिटिव्ह आधी आणि निगेटिव्ह शेवटी घट्ट कसा, वरून व्हॅसलीन लावा. जवळ बिडी-काडी नको, बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो.

वीजकामवाल्याकडचा मीटर मिळाला तर गाडी बंद असताना मोजा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२ च्या खाली म्हणजे रिकामी. गाडी सुरू झाल्यावर साधारण साडेतेरा ते साडेचौदा दिसले पाहिजेत. तेवढे चढत नसतील तर पट्टा किंवा अल्टरनेटर पाहा, नाहीतर नवी बॅटरीही चार दिवसांत उतरेल.

दुसऱ्या गाडीवरून करंट घेताना लाल वायर दोन्हीकडे पॉझिटिव्हला लावा. काळी वायर चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि तिचे दुसरे टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर. धक्का मारायचा तर चावी चालू, दुसरा गिअर, क्लच दाबलेला. वेग आला की क्लच सोडा. ऑटोमॅटिक गाडी धक्क्याने सुरू होत नाही.

नागपूरकरांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. बॅटरीचे आयुष्य खातो तो आपला मे महिना. ४५ अंशांच्या उन्हात आतले पाणी उडते, प्लेटा गंजतात. त्रास मात्र दिसतो डिसेंबरच्या थंड पहाटे, जेव्हा इंजिन जड फिरते. म्हणून उन्हाळ्यात गाडी सावलीत लावा आणि झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर दर महिन्याला डिस्टिल्ड वॉटर पाहा. नळाचे पाणी चालत नाही. आणि बावीस प्रतिज्ञा म्हणणाऱ्यांच्या गाडीला लिंबू-मिरची लटकलेली दिसते ती काढा. त्या पैशात पॉलिश पेपर येतो.

बॅटरी बदलावीच लागली तर पक्के बिल घ्या, वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का मारून घ्या. संपूर्ण बदली किती महिने आणि त्यानंतर प्रमाणात सूट किती महिने, हे दोन आकडे वेगळे विचारा. दुकानदार बहुधा दोन्हींची बेरीज सांगतो. जुनी बॅटरी शिशासाठी घरी किंवा वस्तीत फोडू नका, त्या शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक आहे. ती दुकानातच परत द्या आणि तिची किंमत बिलातून वजा झाली का ते तिथेच वाचून पाहा.