समुद्र दूर आहे म्हणून?

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याला समुद्र नाही. मुंबईचा किनारा येथून अडीचशे किलोमीटरवर आहे आणि आमच्यातील कितीतरी वृद्ध माणसे समुद्राचे दर्शन न घेताच देवाघरी गेली. असे असता मुशीच्या, म्हणजे शाळकरी मुले जिला शार्क म्हणतात त्या माशाच्या, रक्षणाचा प्रश्न राहाता, संगमनेर, श्रीरामपूरच्या धर्मग्रामांतील कुटुंबांपुढे कशासाठी मांडावा, असे कोणी विचारील. आमचे उत्तर थोडक्यात आहे. समुद्र आमच्यापासून दूर असेल. आमचे ताट समुद्रापासून दूर नाही.

आठवडे बाजारात सुकट-बोंबलाच्या ढिगांशेजारी मुशीचे खारवलेले तुकडेही मिळतात. बर्फात घातलेली ताजी मासळी आता रातोरात तालुक्याच्या गावी पोहोचते. उपवासकाळातील शुक्रवारी मांस वर्ज्य, म्हणून घरोघरी मासळी शिजते. त्यात मुशीला बारीक काटे नाहीत, म्हणून मुलाबाळांच्या घरात ती सोयीची. कोकणात तिच्या झणझणीत कालवणाला ‘मोरीचे मटण’ असेच म्हणतात. मटण वर्ज्य करून मोरीचे मटण खाणाऱ्याने आपण नेमका कोणता त्याग केला, हे एकदा आपल्या मनाला विचारावे. आणि जो मासळीला शिवतही नाही, त्याचीही सुटका नाही. ट्रॉलरच्या जाळ्यात येणारी, बाजारात न खपणारी बारीकसारीक मासळी वाळवून तिची भुकटी केली जाते आणि ती कोंबड्यांच्या व मत्स्यशेतीच्या खाद्यात जाते. कोंबडीखाद्यात आज सोयापेंडीचा वाटा मोठा असला, तरी ही भुकटी त्यातून हद्दपार झालेली नाही. गावोगावी पोल्ट्रीच्या शेड उभ्या असलेल्या जिल्ह्याने ‘समुद्राशी आमचा काय संबंध?’ असे म्हणणे म्हणजे पिलाताने हात धुण्यासारखे आहे.

मुशी ही बांगडा किंवा तारली नव्हे. बांगड्याची मादी हजारोंनी अंडी सोडते. त्यातली बहुतेक नष्ट झाली तरी वंश चालतो. मुशीच्या अनेक जातींची रीत माशापेक्षा आपल्या गोठ्यातील जनावराशी अधिक जुळते. कित्येक मोठ्या जातींची मादी दहा-बारा वर्षांनी वयात येते, नऊ-दहा महिने किंवा त्याहूनही अधिक काळ गर्भ वाहते आणि मोजक्याच जिवंत पिलांना जन्म देते. आमच्या किनाऱ्यावरची लहानखुरी सोनमुशी त्या मानाने लवकर वाढते, म्हणून ती अजून बऱ्यापैकी मिळते. हातोड्यासारख्या डोक्याच्या कानमुशीचे तसे नाही. पण बाजारात सोनमुशी आणि कानमुशीचे पिलू एकाच पाटीत, एकाच नावाने येतात. कापून, खारवून, वाळवून झाल्यावर तर जाणकारालाही ओळख पटणे कठीण.

परिणाम समोर आहे. २०२१ साली दोन मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले. पहिल्याने दाखवून दिले, की १९७० पासूनच्या अर्धशतकात महासागरातील मुशी आणि पाकट यांची संख्या ७१ टक्क्यांनी घटली. दुसऱ्याने सांगितले, की या कुळातील एक-तृतीयांशाहून अधिक जाती नामशेष होण्याच्या वाटेवर आहेत आणि त्यामागचे सर्वांत मोठे कारण बेसुमार मासेमारी हेच आहे. जगात सर्वाधिक मुशी पकडणाऱ्या देशांच्या रांगेत आपला देश अगदी पुढे आहे.

यावर आमच्यातील सुशिक्षितांचे एक ठरलेले उत्तर असते : ‘हा सगळा चीनमधल्या श्रीमंतांच्या सुपाचा प्रताप!’ पराच्या सुपाने मुशीचा घात केला, हे खरेच आहे. आपल्या सरकारने २०१३ साली मुशीचे पर कापून धड समुद्रात फेकण्यास मनाई केली आणि २०१५ साली परांच्या निर्यातीवर बंदी घातली. पण २०२४ साली प्रसिद्ध झालेला एक जागतिक अभ्यास सांगतो, की २०१२ ते २०१९ या काळात पर कापण्याविरुद्धचे कायदे जगभर सुमारे दहापट झाले, तरी मासेमारीत मरणाऱ्या मुशींची संख्या वर्षाला ७ कोटी ६० लाखांवरून ८ कोटींवर गेली. आणि दिव्या कर्नाड, दिपानी सुतारिया व रीमा जबाडो या संशोधिकांनी २०२० साली आपल्या पश्चिम किनाऱ्याविषयी जे लिहिले, ते तर आम्हांला आरसाच दाखविणारे आहे. परदेशच्या पर-व्यापारापेक्षा देशातल्या देशात असलेली लहान मुशीच्या आणि पिलांच्या मांसाची मागणीच येथील मासेमारीला अधिक बळ देते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. सूप पिणारा दूरचा चिनी दोषी ठरला, की आमचे कालवण निर्दोष ठरते, हा हिशेब फार सोयीचा आहे. तो खरा नाही.

या मागणीतील सर्वांत दुःखद भाग बाळंतिणीच्या ताटाचा. मुशी खाल्ल्याने बाळंतिणीला दूध येते, या समजुतीने तिला लहान मुशी प्रेमाने खाऊ घातली जाते. त्या प्रेमाविषयी आम्हांला शंका नाही. परंतु मोठा मासा लहान माशांना खातो तसा समुद्रातला पारा त्याच्या अंगात साठत जातो आणि मुशी तर या साखळीच्या शेवटच्या टोकाला आहे. म्हणूनच अमेरिकेसारख्या देशाचे आरोग्य खाते गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या मातांना शार्क खाऊ नका, असे बजावते. एका आईच्या दुधासाठी समुद्रातल्या आईची पिले मारायची आणि त्या दुधातून बाळाच्या पोटात पारा जाण्याचा धोका पत्करायचा, यात कोणाचे भले झाले?

‘पण देवानेच माणसाला समुद्रातील माशांवर सत्ता दिली आहे,’ असे म्हणणारे धर्मनिष्ठही आम्हांला भेटतात. त्यांनी उत्पत्तीच्या पुस्तकाचा पहिला अध्याय पुन्हा, आणि क्रमाने, वाचावा. सहाव्या दिवशी माणसाला सत्ता मिळाली. परंतु त्याआधी, पाचव्या दिवशी, देवाने जलचरांना आशीर्वाद दिला होता, की तुम्ही वाढा आणि समुद्र भरून टाका. माशांचा आशीर्वाद माणसाच्या सत्तेहून एक दिवसाने वडील आहे. ज्या सत्तेने त्या आशीर्वादाचा भंग होतो, ती देवाने दिलेली सत्ता कशी म्हणावी? अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात तर याहून स्पष्ट आज्ञा आहे. वाटेत पाखराचे घरटे सापडले आणि आई पिलांवर बसलेली असली, तर पिलांसह आईला नेऊ नये. गाभण मुशी आणि नुकती जन्मलेली तिची पिले एकाच जाळ्यात ओढणारी मासेमारी या आज्ञेपुढे कशी उभी राहणार? पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९० च्या विश्वशांतिदिनाचा संदेशच सृष्टीच्या रक्षणाला वाहिला होता. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात अनिर्बंध मासेमारीचा स्पष्ट उल्लेख केला. आमच्या किती प्रवचनांतून तो आमच्यापर्यंत पोहोचला?

सर्वांत गंभीर आक्षेप मात्र वेगळा आहे आणि तो आम्ही हलक्याने घेत नाही. ‘मासेमारीवर बंधने म्हणजे कोळ्याच्या पोटावर पाय,’ असे म्हटले जाते. २००१ च्या जुलैत सरकारने सरसकट सर्व मुशी व पाकट वन्यजीव कायद्याच्या कडक संरक्षणाखाली आणले, तेव्हा मच्छीमारांत असंतोष उसळला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात ती यादी दहा जातींवर आणावी लागली. माणसांना न विचारता केलेला कायदा असाच परत फिरतो. तथापि समुद्राला विसावा द्या, ही मागणी प्रथम कोणी केली? गोव्यात १९७० च्या दशकात माथानी साल्ढाणा यांच्यासह रांपणकार ट्रॉलरविरुद्ध उभे राहिले. केरळात फादर थॉमस कोचेरी यांच्यासारखे धर्मगुरू आणि अनेक धर्मभगिनी पारंपरिक मच्छीमारांच्या लढ्यात उतरल्या आणि १९८८ पासून तेथे पावसाळी ट्रॉलिंगबंदी आली. लहान होडीवाल्यानेच ‘थांबा’ म्हटले होते; थांबायला नकार दिला तो भांडवलाने. तेव्हा गरिबाचे नाव पुढे करून मोठ्या जाळ्याची पाठराखण कोणी करू नये.

आणि ‘बंदी’ या शब्दाने दचकण्याचा अधिकार निदान आमच्या जिल्ह्याला तरी नाही. राळेगणसिद्धीची कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी साऱ्या देशाने पाहिली. हिवरे बाजारने शेतीसाठी कूपनलिका नाकारल्या, उसाला नकार दिला आणि पडलेला पाऊस मोजून पिके ठरविली. जेझुइट संघाचे फादर हर्मन बाखर यांनी याच दुष्काळी मातीत पाणलोट विकासाचे काम उभे केले. त्या कामातही माथ्यावरची मोकाट चराई आणि झाडतोड थांबविणे ही गावाने पाळायची अट होती. शेळीवाल्या भूमिहीनाला तेव्हा ते जड गेले असणार. पण डोंगर हिरवा झाला, विहिरीला पाणी आले, तेव्हा थांबण्याचा अर्थ सर्वांनाच कळला. समुद्र हेही एक कुरण आहे. फरक इतकाच, की उजाड डोंगर डोळ्यांना दिसतो. उजाड समुद्रावर लाटा तशाच नाचत राहतात.

किनाऱ्यावर नियम नाहीत असे नाही. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना बंदी असते. २०१६ साली राज्याने पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घातले. २०२२ च्या दुरुस्तीने मुशी-पाकटांच्या आणखी जातींना कायद्याचे संरक्षण मिळाले. २०२३ साली ५४ जातींच्या माशांसाठी, त्याहून लहान मासा पकडू नये, असा किमान आकार ठरविण्यात आला. पण तो आकार बंदरात नीट मोजला जात नसेल, तर आमच्या आठवडे बाजारात कोण मोजणार? गिऱ्हाईकच मोजू शकते. गिऱ्हाईक म्हणजे आम्ही.

म्हणून आमची मागणी आमच्यापासूनच सुरू होते. मुशीचे पिलू घरात आणू नये, आणि खारवलेल्या अनोळखी तुकड्यांना ‘नको’ म्हणावे. गर्भवती, बाळंतीण आणि लहान मूल यांना मुशी देऊ नये. हे धर्मग्रामांतील महिला मंडळांनी घरोघरी सांगावे, कारण आजीबाईंचा शब्द डॉक्टरांच्या चिठ्ठीपेक्षा खोल जातो. मासळी हवीच असेल, तर मुळा आणि भंडारदऱ्याच्या जलाशयांतली रोहू-कटला घ्यावी. त्यात आमच्याच जिल्ह्यातील मासेमाराची रोजी आहे. पोल्ट्री चालविणाऱ्या आमच्या बांधवांनी खाद्याच्या पोत्यात काय आहे, हे विक्रेत्याला विचारावे. आणि आमच्या धर्मप्रांताने वसई, उत्तनच्या कोळी ख्रिस्ती बांधवांना येथे बोलवावे, त्यांचे ऐकावे आणि बंदीच्या दिवसांत त्यांच्या चुली पेटत्या राहाव्यात म्हणून सरकारकडे त्यांच्यासोबत शब्द टाकावा. बंदीचा भार एकट्या गरिबाने वाहावा, हे आम्हांला मान्य नाही.

मूठभर ख्रिस्ती कुटुंबांनी मुशी सोडली म्हणून महासागर भरून येणार नाही, हे आम्हांला कळते. पाणलोटाचा पहिला बांधही एकाच ओघळीवर पडला होता. येत्या उपवासकाळाच्या पहिल्या शुक्रवारी आरंभ करावा. बाजार आपल्याच गावात भरतो. तेथे ‘नको’ म्हणायला समुद्राचे अंतर आडवे येत नाही.