नोंदवहीतील क्रमांक

गुरुवंदनेचे कार्यक्रम आमच्या भागाला आता नवे राहिलेले नाहीत. दहावीच्या एखाद्या जुन्या तुकडीने अंगणात मांडव घातला नाही, अशी शाळा बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांत क्वचितच सापडेल. वीस-पंचवीस वर्षांनी मुले जमतात, निवृत्त गुरुजनांना फेटे बांधतात, शाल-श्रीफळ देतात, पंगती उठतात आणि संध्याकाळच्या गाडीने जो तो आपापल्या हैदराबादला, पुण्याला, बंगळूरला परततो. हा प्रघात आम्हांला मनापासून आवडतो. चिटगुप्प्यात अशाच एका मेळाव्याच्या तयारीत सूचना पुढे आली की, विद्यार्थी गुरुजनांचा सत्कार करतात, तर शाळेनेही आपल्या कर्तबगार माजी विद्यार्थ्यास दरवर्षी एक पुरस्कार द्यावा. पैशाची सोय झाली. मानचिन्हाचा नमुनाही ठरला. अडले ते एका प्रश्नावर : पुरस्कार द्यावयाचा कोणाला?

नावे भराभर निघाली. हैदराबादचे एक डॉक्टर, पुण्यातील कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर असलेले एक अभियंते, बंगळूरच्या संगणक कंपनीतील दोघे, एक तहसीलदार. एका उत्साही गृहस्थांनी तर पगाराचे आकडेही सांगितले. ते त्यांना कोठून कळले हे त्यांचे त्यांनाच ठाऊक. यांपैकी कोणाच्याही कर्तृत्वाबद्दल आमच्या मनात किंतु नाही. परंतु यादी वाचून होताच दोन गोष्टी खटकल्या. त्या यादीत गावात राहिलेले एकही नाव नव्हते, हे एक. आणि या मंडळींच्या यशात शाळेचा वाटा किती, हे कोणीच विचारले नाही, हे दुसरे.

हा दुसरा प्रश्न अवघड आहे, आणि तो किती अवघड आहे हे पाहावयाचे तर साताऱ्यास जावे लागेल. राजवाड्याजवळच्या तेव्हाच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, ७ नोव्हेंबर १९०० रोजी एका मुलाचे नाव इंग्रजी पहिलीत दाखल झाले : भिवा रामजी आंबेडकर. नोंदवहीतील क्रमांक १९१४. शाळेने ती नोंदवही जपून ठेवली आहे, आणि २०१७ पासून महाराष्ट्र शासनाने हा प्रवेशाचा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळण्यास सुरुवात केली. सरकारी शाळेने आपल्या माजी विद्यार्थ्याचा केलेला याहून मोठा गौरव आम्हांस ठाऊक नाही.

पण त्याच शाळकरी दिवसांविषयी बाबासाहेबांनी स्वतः काय लिहून ठेवले आहे? वर्गात मुलांनी आपल्या क्रमांकाप्रमाणे बसावयाचे, परंतु यांची जागा कोपऱ्यात, एकट्याची. बसावयास स्वतःचे गोणपाट. शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटास हात लावीत नसे, म्हणून ते संध्याकाळी घरी न्यावयाचे आणि सकाळी पुन्हा आणावयाचे. तहान लागली तर शिपाई असेल आणि त्याने नळ सोडला तरच पाणी. शिपाई नसेल तर तहानेनेच दिवस काढावयाचा. नोंदवहीतील क्रमांक शाळेने दिला. वर्गातील क्रमांकाची जागा मात्र दिली नाही. शाळेजवळ आज जी वही मानाने ठेवलेली आहे, ती वाचताना हे दोन्ही क्रमांक डोळ्यांसमोर असले पाहिजेत असे आम्हांस वाटते. साताऱ्याच्या शाळेस उणे लेखण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. त्या काळी इतर गावांच्या शाळांतही अशी गोणपाटे होतीच. आपल्या माजी विद्यार्थ्याच्या गळ्यात हार घालताना तो कोणत्या कोपऱ्यात बसत होता हे शाळेने आठवावे, एवढाच आमचा मुद्दा आहे.

बाबासाहेबांच्याच आयुष्यातील दुसरा एक सत्कार पाहा. ही हकीकत त्यांनी १९५६ साली आपल्या बुद्धावरील ग्रंथाच्या प्रस्तावनेत सांगितली आहे. मुंबईत शाळेत शिकत असता ते एक परीक्षा उत्तीर्ण झाले. आजच्या हिशेबाने ती परीक्षा किरकोळच. पण त्या वस्तीत तेवढे शिकलेले मूल नव्हते, म्हणून मंडळींनी सभा भरवून कौतुक करावयाचे ठरविले. वडिलांनी, सुभेदार रामजींनी, विरोध केला. मुलाने परीक्षा दिली यापलीकडे काय केले आहे? अशाने त्याच्या डोक्यात वारे शिरेल. तेव्हा लोक गेले कृष्णाजी अर्जुन केळुसकरांकडे. केळुसकर हे शिक्षक आणि लेखक, रामजींचे स्नेही. त्यांनी रामजींची समजूत घातली, सभा झाली, आणि सभेत त्यांनी मुलाच्या हाती स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र ठेवले. पुढे शिक्षणाचा खर्च झेपेना, तेव्हा सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला तोही याच केळुसकरांनी, आणि दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१३ साली हा विद्यार्थी बडोद्याच्याच मदतीने न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला. ते पुस्तक काय करून गेले हे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरने पाहिले.

शाळेत अशा सभा भरविणाऱ्या आमच्यासारख्यांना आणखी एक आकडा उपयोगी आहे. १९०७ साली मॅट्रिकला बाबासाहेबांना साडेसातशेपैकी दोनशे ब्याऐंशी गुण होते. आज इतके गुण मिळविणाऱ्या मुलाचे छायाचित्र कोणती शाळा फलकावर लावील? आम्ही तरी लावू का, हे आम्हांस छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.

कोलंबिया विद्यापीठाने ५ जून १९५२ रोजी आपल्या या माजी विद्यार्थ्यास सन्माननीय डॉक्टरेट दिली, आणि पुढच्याच जानेवारीत आपल्या हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठानेही, जेथे ते कधी शिकले नव्हते, तसाच सन्मान केला. दोन्ही गोष्टी उचितच झाल्या. पण तोवर घटना लिहून झाली होती. साठी ओलांडलेल्या माणसास झगा आणि पदवी मिळाली काय किंवा न मिळाली काय, त्याचे काम थांबत नव्हते. शाळकरी मुलाला ते पुस्तक मिळाले नसते तर?

परदेशातले एक उदाहरण येथे आठवते. अल्जीरियात वाढलेल्या आल्बेर कामूला १९५७ साली नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा त्याने आपले प्राथमिक शाळेतले शिक्षक लुई जेर्मँ यांना पत्र लिहून कृतज्ञता कळविली. वडील युद्धात गेलेले, आईला लिहिता-वाचता येत नव्हते, आजीला वाटे की पोराने आता कमवावे. मास्तरांनी घरी जाऊन आजीला पटविले आणि शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी फी न घेता शिकविले. शाळेने काय केले, याचा हिशेब त्या विद्यार्थ्याजवळ स्पष्ट होता. असा हिशेब देणारे माजी विद्यार्थी आम्हांला व्यासपीठावर हवे आहेत. ‘शाळेने मला घडविले’ एवढे मोघम बोलून खाली बसणारे नकोत.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. कलबुर्गीच्या नूतन विद्यालयाचे नाव या मासिकाच्या वाचकांना नव्याने सांगावयास नको. निजामाच्या राज्यात वरचे शिक्षण उर्दूतून असताना विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात निघालेली ती शाळा. भालकी तालुक्यातील वरवट्टी या गावचा, १९४८ च्या रझाकारांच्या जाळपोळीत आई गमावलेला, गिरणी कामगाराचा मुलगा त्या शाळेत शिकला आणि २०२२ साली काँग्रेस पक्षाचा राष्ट्रीय अध्यक्ष झाला. मल्लिकार्जुन खर्गे यांच्या राजकारणाशी कोणाचे पटो न पटो. घर जळालेल्या मुलास वर्गात जागा मिळाली ही त्या शाळेच्या खात्यावरची जमा आहे. आणि भालकीच्याच हिरेमठात डॉ. चन्नबसव पट्टद्देवरू यांनी बाहेर उर्दू पाटी लावून आत कन्नड शिकविले, ही कथा तर आमच्याकडे कन्नड-मराठी दोन्ही घरांत सारख्याच अभिमानाने सांगतात. आपली भाषा शिकावयास मिळावी म्हणून कोणी काय केले, हे सांगणाऱ्या अशा कथा आहेत.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी जुन्या बिदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे गेले. भालकी, हुमनाबाद, औराद बिदरबरोबर इकडे राहिले. जहिराबाद, नारायणखेड आंध्रात गेले. इकडे राहिलेल्या आम्हां मराठी घरांनी कन्नड शिकून घेतली, ते योग्यच झाले. राज्याची भाषा आल्यावाचून पोट भरत नाही आणि शेजारही जुळत नाही. पण आमच्या मराठी वर्गांतील बाके आता पूर्वीसारखी भरत नाहीत. अशा वेळी पुरस्काराच्या दिवशी बाकावरचे पोर काय पाहते? दरवर्षी एक गाव सोडून गेलेला मनुष्य मोटारीतून येतो, शाल घेतो, आणि जातो. शाळेचा उपयोग येथून निघून जाण्यापुरता आहे, असा अर्थ त्या पोराने काढला तर त्याला दोष कसा द्यावा? माजी विद्यार्थ्यांची रांग लावण्याच्या भरात विद्यार्थ्यांचीच रांग तुटू नये.

मुख्याध्यापकाच्या हातून टी.सी.वर सह्या होतात. ‘शाळा सोडण्याचे कारण’ या रकान्यात ‘पालकांचे स्थलांतर’ असे लिहिताना आम्हांला ठाऊक असते की स्थलांतर म्हणजे ऊसतोड, नाही तर पुण्या-मुंबईकडची बांधकामे. त्यातून एखादे पोर परत येऊन दहावी होते. सातवीनंतर लग्न झालेली एखादी मुलगी दहा वर्षांनी, पदरी दोन लेकरे असता, बाहेरून परीक्षेस बसते आणि पास होते. निघाले कोठून आणि पोचले कोठे हे अंतर मोजले, तर ही माणसे त्या डॉक्टरांच्या आणि अभियंत्यांच्या मागे पडणार नाहीत.

म्हणून आम्ही बैठकीत असे सुचविले की, दरवर्षी दोघांचा गौरव व्हावा : एक बाहेरगावी नाव काढलेला, आणि एक येथेच राहून, अडथळा ओलांडून शिकलेला, मग त्याचे दुकान असो, शेत असो, अंगणवाडी असो. समारंभ स्नेहसंमेलनात न करता शाळा उघडताना, जूनमध्ये करावा. पाहुण्याने भाषण न करता एका वर्गावर एक तास बसावे, मुलांना प्रश्न विचारू द्यावेत. आणि मानचिन्हाचा खर्च वाचवून त्या वर्षी दहावी झालेल्या प्रत्येक मुलास एकेक चांगले पुस्तक द्यावे. यावर बरीच भवति न भवति झाली. ‘सर, पुस्तकाने फोटो चांगला येत नाही,’ असेही एक जण म्हणाले. त्यांचे म्हणणे खोटे नाही. अखेर मानचिन्ह लहान करावे आणि पुस्तके घ्यावीत असे ठरले. जूनची सूचना मात्र बाहेरगावच्यांना रजा मिळणार नाही म्हणून पुढील बैठकीवर गेली आहे.

तोवर एक काम हाती घेतले आहे. शाळेच्या जुन्या दाखल-खारीज वह्या आम्ही कपाटातून काढून ठेवल्या आहेत. काही पाने उर्दूत आहेत, पण ती वाचणारे एक वडीलधारे गृहस्थ गावात आहेत आणि रविवारी येऊन बसण्याचे त्यांनी मान्य केले आहे. या मासिकाच्या वाचकांपैकी कोणी, किंवा कोणाचे वडील, आजोबा, आत्या, मावशी, चिटगुप्प्यास शिकले असतील तर नाव, साधारण साल आणि शाळा का सुटली तेवढे संपादकांच्या पत्त्यावर कळवावे. किती शिकले, पुढे काय झाले, हे लिहिले नाही तरी चालेल. त्यांचा क्रमांक आम्ही शोधून काढू.